शाळेची नोंदवही आणि गोंड विद्यार्थ्याचे नाव

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या बल्लारपूर या गावाला कागदोपत्री दोन नावे आहेत. नगर बल्लारपूर या नावाने ओळखले जाते आणि रेल्वेचे स्थानक बल्हारशाह या नावाने. चांद्याच्या गोंड राजघराण्यातील बल्लाळशहा या राजाच्या नावाशी दोहोंचा संबंध आहे. तथापि, एका नावात राजाच्या नावाला ‘पूर’ हे उत्तरपद लागले आणि दुसऱ्यात ‘शाह’ ही पदवीच गावाचे नाव होऊन बसली. या दोन रूपांमुळे गावाचे काही बिघडत नाही. परंतु असाच फरक एखाद्या शाळेच्या नोंदवहीत आजोबा आणि नातू यांच्या आडनावांत पडला, तर त्या कुटुंबाला आपण एकच आहोत हे वर्षानुवर्षे सिद्ध करीत बसावे लागते. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील गोंड आणि माडिया कुटुंबांच्या बाबतीत ही गोष्ट वारंवार घडते.

प्रस्तुत लेखाचा विषय शाळेतील विद्यार्थ्याची नोंद हा आहे. ही नोंद कशी घडते, तिच्यातील शब्द कोठून येतात, आणि ती पुरावा म्हणून वाचताना कोणती काळजी घ्यावयास हवी, याचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे विचार केला आहे.

१. दाखल-खारीज नोंदवहीचे स्वरूप

विदर्भात शाळेच्या मुख्य नोंदवहीला ‘दाखल-खारीज’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. मध्यप्रांताच्या राज्यकारभारात रूढ झालेला हा फारसी वळणाचा शब्द मराठी शाळांनी तसाच पुढे चालविला. विद्यार्थी शाळेत आला की त्याची एक ओळ भरावयाची आणि तो शाळा सोडून गेला की तीच ओळ पूर्ण करावयाची, अशी या वहीची रचना. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, असे तिचे साधारण रकाने असतात. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यात मातृभाषा आणि आईचे नाव हेही रकाने आले.

या वहीच्या जोडीला दुसरे साधन म्हणजे ‘कोतवाल पुस्तक’. मध्यप्रांतात गावातील जन्ममृत्यूची खबर कोतवालाने पोलीस ठाण्यात द्यावयाची आणि ती लिहून घ्यावयाची, अशी व्यवस्था होती. या पुस्तकात बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढे सापडते. बालकाचे नाव पुष्कळदा सापडत नाही, कारण खबर देण्याच्या वेळी बारसेच झालेले नसे. त्यामुळे कोतवाल पुस्तकातील निनावी मूल आणि शाळेच्या वहीतील नाव असलेले मूल एकच आहे हे ठरविण्यासाठी बापाच्या नावावर आणि आडनावावरच भिस्त ठेवावी लागते.

जन्मतारखेचा रकाना याहूनही सावधपणे वाचावा लागतो. ज्या घरात कालगणना सणांनी आणि पिकांनी होते, तेथून आलेल्या मुलाची इंग्रजी तारीख गुरुजींनी अंदाजाने बसविलेली असते. महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य माणसांचा जन्म १ जून किंवा १ जुलै रोजी झालेला दिसतो, त्याचे कारण हेच. ही तारीख मुलाच्या जन्माची नाही. मूल शाळेत बसण्याच्या वयाचे झाले, एवढेच ती सांगते. तिच्याकडून त्यापेक्षा अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हे.

२. नावाचा रकाना : ध्वनींचे मराठीकरण

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून त्या कुळाच्या दक्षिण-मध्य शाखेत तेलुगू, कुई, कुवी इत्यादी भाषांबरोबर तिची गणना होते. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या भाषकांची संख्या सुमारे २९.८४ लाख आहे. मराठी ही आर्यभाषा. म्हणजे शाळेच्या दारात ज्या दोन भाषांची गाठ पडते, त्यांचे कूळ वेगळे, ध्वनिव्यवस्था वेगळी आणि नामकरणाची रीतही वेगळी. लेखणी मात्र त्यांपैकी एकीच्याच हाती असते.

गोंड समाजातील आडनाव हे केवळ घराण्याचे चिन्ह नव्हे. ते कुळाचे, म्हणजे ‘पाडी’चे नाव असते आणि ही कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेली असतात. एकाच गटात विवाहसंबंध होत नाहीत. म्हणून आडनाव उच्चारताच ऐकणाऱ्या गोंड माणसाला समोरच्याशी आपले नाते भाऊपणाचे की सोयरिकीचे, हे कळते. नोंदवहीत आडनाव उतरते. त्यामागची ही व्यवस्था उतरत नाही.

आता या आडनावांचे लेखन पाहू. बल्लारपूरच्या दक्षिणेस, आज तेलंगणात असलेल्या आदिलाबादच्या मुलखात तीच गोंड कुळे नांदतात. त्या बाजूची रूपे आणि चंद्रपुरी रूपे शेजारी ठेवली असता काही नियमित फरक दिसून येतात.

पहिला फरक अंत्य स्वराचा. आदिलाबादकडील कुमरा, कोडापा, पुसनाका ही नावे चंद्रपूरच्या बाजूस कुमरे, कोडापे, पुसनाके अशी होतात. याचे कारण मराठी आडनावांच्या घडणीत आहे. काळे, मोरे, शिंदे, गोरे अशा एकारान्त आडनावांची मराठी कानाला सवय असते. आदरार्थी अनेकवचनाचे ते रूप आहे. आकारान्त आडनाव मराठी लेखकाला अपुरे वाटते आणि तो नकळत त्याला एकारान्त करतो.

दुसरा फरक ‘स’ आणि ‘श’ यांचा. इकार आणि एकार यांच्यापूर्वी येणाऱ्या दंत्य ‘स’चा तालव्य ‘श’ करण्याकडे मराठीची जुनी प्रवृत्ती आहे. सिंदूर या शब्दापासून शेंदूर, सीमा या शब्दापासून शीव, ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्याच प्रवृत्तीने सेडमाके या नावाचे शेडमाके आणि सिडाम या नावाचे शिडाम होते. मेस्राम या रूपाचे मेश्राम होण्यामागे मात्र दुसरे कारण दिसते. ‘श्र’ हे जोडाक्षर श्री, श्रम, श्रावण अशा शब्दांमुळे शिक्षकाच्या हाताला वळणाचे झालेले असते. ‘स्र’ तितके नसते.

तिसरा फरक ‘ड’, ‘र’ आणि ‘ळ’ यांच्या अदलाबदलीचा. दोन स्वरांमध्ये येणारा गोंडीतील मूर्धन्य ध्वनी जीभ झटक्यात परतवून उच्चारला जातो. ऐकणारा तो कधी ‘ड’ म्हणून, कधी ‘र’ म्हणून, तर कधी ‘ळ’ म्हणून नोंदवितो. म्हणूनच एका बाजूस तोरोसाम तर दुसऱ्या बाजूस तोडासाम. आणि कुडमेथे व कुळमेथे ही दोन्ही रूपे चंद्रपुरातच शेजारी शेजारी आढळतात. या दुसऱ्या जोडीत आणखी एक गोष्ट घडली आहे. महाप्राण व्यंजने ही गोंडीच्या मूळ शब्दसंपत्तीची वैशिष्ट्ये नव्हेत. ‘मेते’ या रूपाला ‘थ’ मिळाला तो लेखकाच्या भाषेकडून.

चौथा प्रकार लोकव्युत्पत्तीचा. मरस्कोला या कुळनामाचे मराठी रूप मरसकोल्हे असे होते. मराठी माणसाला ‘कोल्हा’ हा प्राणी माहीत असतो आणि कोल्हे हे आडनावही माहीत असते. अपरिचित शब्दात परिचित शब्द शोधण्याची मनाची जी स्वाभाविक ओढ, तिच्यामुळे कुळनामात कोल्हा शिरला. गोंडी कुळाशी या प्राण्याचा काही संबंध नाही.

या चारही फरकांत एक समान सूत्र आहे. ते स्वैर नाहीत. लिहिणाऱ्याची भाषा कोणती हे ठाऊक असले, तर नाव कोणत्या दिशेने बदलेल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. म्हणून आजोबांच्या ओळीत ‘कुमरा’ आणि नातवाच्या ओळीत ‘कुमरे’ असे आढळले, तर ती विसंगती नव्हे. एकच नाव दोन वेगवेगळ्या कानांनी ऐकले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

३. नदीच्या दोन तीरांवरच्या दोन लिप्या

बल्लारपूरच्या परिसरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे राज्यांच्या सीमा वारंवार सरकल्या. बल्लारपूर मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात होते. वर्धा नदी ओलांडली की लागणारा राजुरा तालुका हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. दक्षिणेकडील सिरोंचा हा मुलूख १८७४ पर्यंत अपर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्याचा भाग होता आणि तेथील लोकव्यवहारावर तेलुगूचा पगडा होता.

परिणामी एकाच कुळाच्या तीन शाखा नदीच्या अल्याड, पल्याड आणि दक्षिणेस राहिल्या असतील, तर त्यांच्या जुन्या नोंदी तीन वेगळ्या भाषिक वातावरणांत झालेल्या असू शकतात. निजामी राजवटीत सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत. कुमरा हे नाव त्या लिपीत केवळ क, म, र आणि आ एवढ्या अक्षरांनी उभे राहते; नंतर त्याचे देवनागरीत लिप्यंतर करणारा ते कमरा असेही वाचू शकतो. तेलुगू रीतीत आडनाव आधी आणि व्यक्तिनाम नंतर येते. मराठी रीतीत व्यक्तिनाम, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम. तेलुगू क्रमाने लिहिलेले नाव मराठी वहीत उतरवून घेताना आडनावाचेच व्यक्तिनाम होऊन बसणे अशक्य नाही.

या अनेकरूपतेचे सर्वांत ठळक उदाहरण सार्वजनिक इतिहासातच आहे. आदिलाबादच्या अरण्यातील गोंडांचा नेता भीम हा १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्याचे कुळनाम कुमरा, कुमरम, कोमरम, कोमुरम अशा अनेक रूपांनी छापले जाते. २०१६ मध्ये त्याच्या नावाने जिल्हा स्थापन झाला, तरीही रूपांचा हा गोंधळ मिटला नाही. ज्याच्या नावाने जिल्हा आहे त्याची ही स्थिती. मग रानातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलाच्या नावाची स्थिती काय होत असेल, याची कल्पना करता येते.

भीमच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने या गोंडांचा अभ्यास करण्यासाठी मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांची नेमणूक केली. त्यांच्या प्रयत्नाने १९४३ पासून मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र चालले आणि देवनागरी लिपीतील गोंडी वाचनपुस्तके निघाली. त्याच प्रदेशात अधिकारी म्हणून काम केलेले सेतुमाधवराव पगडी यांनी १९५४ मध्ये गोंडीचे व्याकरण प्रसिद्ध केले. गोंड मुलाचे नाव गोंडी जाणणाऱ्याने लिहावे, ही शक्यता या भूभागात एके काळी प्रत्यक्षात आली होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

४. जातीचा रकाना : बोलीतील शब्द आणि कायद्यातील शब्द

गोंड लोक स्वतःला ‘कोयतोर’ म्हणतात. ‘गोंड’ हे नाव त्यांना इतरांनी दिलेले आहे. जातीच्या रकान्यात मात्र कोयतोर हा शब्द सहसा सापडत नाही. तेथे गोंड, राजगोंड, माडिया, गोंड माडिया असे शब्द असतात. १९५० पूर्वी हे शब्द लिहिणाऱ्या शिक्षकासमोर कोणतीही अनुसूची नव्हती. गावात त्या कुटुंबाला जे म्हणत, ते त्याने लिहिले. ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर तेच शब्द कायद्याचे शब्द झाले. शब्द बदलला नाही, पण त्याचा अर्थ बदलला. बोलीतील शब्दाला सैल कडा असतात. कायद्यातील शब्दाला काटेकोर सीमा असतात. पहिल्या प्रकारचा शब्द दुसऱ्या प्रकारच्या मापाने मोजणे, हा या क्षेत्रातील वादांचा मूळ उगम होय.

या बाबतीत बल्लारपूरचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५६ च्या सुधारित यादीत विदर्भातील गोंडांना अनुसूचित जमातीचा दर्जा होता तो ठराविक तहसिलींपुरताच. चांदा जिल्ह्यात तो गडचिरोली आणि सिरोंचा या तहसिलींत होता. बल्लारपूर ज्या चांदा तहसिलीत होते, तिचा त्यात समावेश नव्हता. राजुरा तहसिलीत मात्र हैदराबाद राज्याची यादी लागू राहिल्यामुळे तेथील गोंड अनुसूचित जमातीत होते. म्हणजे वर्धेच्या एका तीरावरचा मुलगा कायद्याने आदिवासी आणि दुसऱ्या तीरावरचा त्याचाच चुलतभाऊ कायद्याने आदिवासी नाही, अशी अवस्था होती. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या सुधारणा कायद्याने दूर झाले.

१९४५ मध्ये बल्लारपूर येथे कागदाच्या कारखान्याची स्थापना झाली. भोवतालच्या रानातील बांबू हा त्याचा कच्चा माल. या कारखान्याच्या आणि कोळशाच्या खाणींच्या आश्रयाने तेथे मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी बोलणारी कुटुंबे एकत्र आली. या कामकरी वस्तीतील एखाद्या गोंड मुलाच्या नावापुढे १९६० च्या सुमारास ‘गोंड’ असे लिहिले गेले असेल, तर त्या शब्दाने त्याला तेथे अनुसूचित जमातीची सवलत मिळत नव्हती. म्हणूनच ती नोंद पुरावा म्हणून अधिक वजनदार मानावयास हवी, कारण ती करून घेण्यात कोणाचाही स्वार्थ नव्हता.

न्यायालयांनी स्वातंत्र्यपूर्व आणि संविधानपूर्व कागदांना अधिक महत्त्व दिले, ते याच तर्काने. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातपडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. महाराष्ट्राने २००० चा अधिनियम करून तिला कायद्याचे रूप दिले. २०११ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रूढी, देवदेवता, बोली यांवरील प्रश्नोत्तरांची, म्हणजे आप्तभावाची, कसोटी ही एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही. चंद्रपूर परिसरातील माना समाजाच्या प्रकरणात तर वाद एका नोंदीतील शब्दरचनेवरच आला होता. अनुसूचीत गोंड या नोंदीखाली ‘माना’ हे नाव आहे. ती गोंडांची पोटजमात की स्वतंत्र जमात, असा तो प्रश्न. ती स्वतंत्र जमात आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मानले. एका यादीतील शब्दांच्या शेजारपणाचा अर्थ काय, हा व्याकरणाचा वाटणारा प्रश्न कित्येक कुटुंबांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न होता.

५. कार्लाइल येथील सू विद्यार्थी : एक तुलना

शाळेच्या नोंदीवर माणसाची ओळख अवलंबून राहावी, ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडलेली नाही. अमेरिकेतील आदिवासी मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळांच्या दप्तरांचा अभ्यास अलीकडे मोठ्या प्रमाणावर होत आहे आणि त्यातून आपल्या नोंदवह्यांकडे पाहण्याची एक दृष्टी मिळते.

या शाळांपैकी सर्वांत प्रसिद्ध शाळा पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथील. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने ती १८७९ मध्ये काढली आणि १९१८ मध्ये ती बंद झाली. तिचे पहिले विद्यार्थी आजच्या दक्षिण डकोटा राज्यातील सू वसाहतींतून आले. ‘सू’ हे नावही परक्यांनी दिलेलेच. ओजिब्वे लोक शेजाऱ्यांना ज्या शब्दाने ओळखत, त्याचा फ्रेंच व्यापाऱ्यांनी केलेला तो अपभ्रंश आहे. ते लोक स्वतःला लकोटा किंवा डकोटा म्हणतात. गोंड आणि कोयतोर यांच्यासारखीच ही जोडी आहे.

कार्लाइलच्या विद्यार्थिपत्रकावर इंग्रजी नाव, आदिवासी नाव, वसाहत, राष्ट्र, टोळी, वय, उंची, वजन, रक्ताचे प्रमाण, आगमनाची तारीख, मुक्ततेची तारीख आणि कारण असे रकाने असत. आपल्याकडे जात आणि पोटजात विचारली जाई, तेथे रक्त पूर्ण की अंशतः हे विचारले जाई. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्याच्या समाजरचनेतून आले होते. पहिल्या तुकडीतील ओटा क्टे या मुलाने फळ्यावर लिहिलेल्या, त्याला वाचता न येणाऱ्या नावांपैकी एकावर काठी टेकवली आणि तो ल्यूथर झाला. वडिलांच्या नावाचे इंग्रजी भाषांतर त्याचे आडनाव बनले. हाच पुढे लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेला ल्यूथर स्टँडिंग बेअर. १९२८ च्या आपल्या आत्मकथनात त्याने हा प्रसंग नोंदविला आहे.

त्याच काळातील दुसरा मुलगा परत गेला नाही. व्हाइट थंडर या नायकाचा तो मुलगा. शाळेने त्याला अर्नेस्ट हे नाव दिले. वडिलांचे नाव आडनाव म्हणून जोडले. त्याचे स्वतःचे लकोटा नाव भाषांतराने नॉक्स ऑफ असे उतरले. १४ डिसेंबर १८८० रोजी तो शाळेतच वारला आणि तेथील दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. २०२१ मध्ये रोझबड येथील सू लोकांनी आपल्या नऊ मुलांचे अवशेष परत नेले, त्यांत तो होता. ज्या सरकारी सूचनेने ही प्रक्रिया झाली, तिच्यात या मुलांची शाळेतील आणि मूळची अशी दोन्ही नावे जोडीने द्यावी लागली. असे जोडकाम नेहमी यशस्वी होते असे नाही. २०१७ मध्ये अरापाहो जमातीच्या लिटल प्लूम या मुलाच्या नावाच्या दगडाखाली दुसऱ्यांचेच अवशेष निघाले. त्याचे स्वतःचे अवशेष पुढील वर्षी मिळाले.

कार्लाइल आणि आपल्या आश्रमशाळा यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तेथे मुलांना शेकडो कोस दूर नेले, त्यांचे केस कापले आणि त्यांची भाषा बोलण्यास मनाई केली. भाषा आणि जमात पुसून टाकणे हे त्या शाळेचे उघड उद्दिष्ट होते. भारतीय संविधानाचे उद्दिष्ट याच्या उलट आहे. तुलना आहे ती नोंदीच्या स्वभावाची. दोन्हीकडे मुलाला ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, ते प्रश्न त्याच्या भाषेत विचारलेले नव्हते. आणि दोन्हीकडे ती उत्तरे पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याला बांधून राहिली.

६. मातृभाषा आणि शाळा सोडण्याचे कारण

दोन रकाने विशेष दुर्लक्षित राहतात. पहिला मातृभाषेचा. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी, असे संविधानाचे ३५० अ हे कलम सांगते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते संविधानात आले. परंतु मराठी शाळेत मुलाचे नाव घातले म्हणून त्याच्या मातृभाषेपुढेही ‘मराठी’ असे लिहिले गेले, तर दप्तराच्या दृष्टीने त्या शाळेत गोंडी बोलणारे मूलच उरत नाही. आणि जे मूल नाही, त्याच्यासाठी शिक्षक किंवा पुस्तक कोण मागणार? २०१९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभांनी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मातृभाषेच्या रकान्यातील एक शब्द किती दूरवर जाऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे.

दुसरा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. ‘सतत गैरहजर’ हा तेथील परिचित शेरा. मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावरचा; त्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस पहाटेपासून मोहाखाली असते. शेरा खोटा नसतो. पण तो केवळ शाळेच्या बाजूने पाहिलेला असतो. कार्लाइलच्या पत्रकांतील ‘पळून गेला’ हा शेराही असाच वाचावा लागतो. मूल कोठून गेले हे दोन्ही शेरे सांगतात. कोठे गेले आणि कशासाठी, हे सांगत नाहीत.

७. नोंद वाचण्याची रीत

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, दोन नोंदींतील नावांचा फरक आढळताच तो विसंगती म्हणून बाजूस न सारता, लिहिणाऱ्याची भाषा आणि लिपी लक्षात घेऊन तपासावा. सेडमाके-शेडमाके, कुमरा-कुमरे, तोरोसाम-तोडासाम या जोड्या ध्वनिनियमांनी स्पष्ट होतात. याउलट जो फरक कोणत्याही नियमात बसत नाही, त्याबद्दल शंका घेण्यास जागा असते.

दुसरा असा की, नोंदीचा खरेखोटेपणाही भाषेवरून काही अंशी पडताळता येतो. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. त्यापूर्वीच्या वह्यांत ‘नांव’, ‘गांव’ अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. आणि ‘अनुसूचित जमाती’ हा शब्दप्रयोग संविधानाबरोबर रूढ झाला. १९४० ची म्हणून दाखविलेली नोंद जर ‘जिल्हा चंद्रपूर’ किंवा ‘अनुसूचित जमाती’ असे म्हणत असेल, तर ती त्या वर्षी लिहिलेली नाही. एखाद्या अनुस्वाराच्या अभावावरून मात्र नोंद खोटी ठरविणे घाईचे होईल, कारण जुन्या काळीही सर्व शिक्षक अनुस्वार काटेकोरपणे देत नसत.

तिसरा निष्कर्ष जतनाविषयी आहे. या वह्यांचा कागद जीर्ण होत आहे आणि त्यांच्या संगणकीय नोंदी करण्याची गरज सर्वमान्य आहे. परंतु संगणकावर नाव चढविणारा लेखनिक जर ‘कुमरा’चे ‘कुमरे’ आणि ‘नांव’चे ‘नाव’ असे सुधारून लिहील, तर वर सांगितलेला सर्व पुरावा एका सुधारणेसरशी नष्ट होईल. म्हणून प्रत्येक पानाचे छायाचित्र मूळ स्वरूपात ठेवावे आणि लिप्यंतर त्याच्या शेजारी, वेगळे द्यावे. कार्लाइलच्या पत्रकांची छायाचित्रे आज सर्वांस खुली आहेत. त्या शाळेत मूल गमावलेल्या कुटुंबांना शोधाचा आरंभ तेथूनच करता येतो.

चौथा निष्कर्ष सर्वांत साधा. नवीन नोंद करताना मुलाचे नाव आणि त्याची भाषा ही त्याच्या आईला किंवा बापाला विचारून, दोनदा उच्चारावयास लावून लिहावी. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा शासनाचा निर्णय झाला आहे. तेव्हा आईला विचारण्याचे निमित्तही आता आपोआप मिळाले आहे. गोंडी जाणणारा शिक्षक शाळेत असेल तर ती ओळ त्याने लिहावी. हे काम फार तर पाच मिनिटांचे आहे. ते न केल्यास त्याच पाच मिनिटांची भरपाई करण्यासाठी त्या मुलाच्या नातवंडाला पडताळणी समितीच्या दाराशी कित्येक वर्षे काढावी लागतील.